लय तापलंय, उतरत न्हाई

"ताई, मला लिहून नका इचारू. फोन करत जावा. माझं लिव्हलेलं मानसाला कळत न्हाई," तुषार मला पहिल्याच भेटीत म्हणाला होता. मी हसले. म्हटलं, "फोनवर बोलायला लागले की माझी मुलगी उठते. आणि न कळायला काय झालं? मराठीच तर लिहिणार ना तू." त्यानं मान हलवली आणि विषय तिथंच संपला.

तुषारचं कान्हे स्टेशनाबाहेर एका शटरचं दुकान आहे. पाटी मोबाईल दुरुस्तीची, पण खरं काम वेगळं. आसपासच्या कंपन्या जुने कॉम्प्युटर भंगारात काढतात, ते हा घेऊन येतो, उघडतो, साफ करतो, एकेक भाग चालवून बघतो आणि विकतो. दुकानाच्या मागं एक खोली. तिथं तो, त्याची बायको बबिता आणि त्यांचं अडीच वर्षांचं बारकं, सनी. उन्हाळ्यातल्या त्या आठवड्यात त्या जागेत दोन गोष्टी तापत होत्या. पुढच्या टेबलावर माझ्यासाठी लावलेलं जुनं ग्राफिक्स कार्ड आणि मागच्या खोलीत गोधडीवर निजवलेलं त्याचं लेकरू. आपल्याकडं दोघांनाही 'ते'च म्हणतात. हे आत्ताच सांगून टाकते, म्हणजे पुढचं वाचताना तुमची माझ्यासारखी चूक व्हायची नाही.

मी माधवी. पुण्यात आर्किटेक्चर केलं, माझी लेक रेवा व्हायच्या आधी एका ऑफिसात नोकरीही केली. आता लोणावळ्यात, तुंगार्लीला एका बंगल्याच्या मागच्या बाजूला वरच्या मजल्यावर आम्ही भाड्यानं राहतो. नवरा संदेश सुदुंबऱ्याकडं कंपनीत जातो, सकाळी अंधारात निघतो. जुन्या ओळखीच्या एका सरांनी मला घरी बसून करायचं काम दिलं होतं. तळ्याजवळ होणाऱ्या एका बंगल्याचा वॉकथ्रू, म्हणजे बंगला बांधायच्या आधीच त्यातून फिरवून आणल्यासारखी फिल्म. माझ्या कॉम्प्युटरवर ती फाईल उघडली की पडदा गोठायचा. नवं कार्ड आमच्या आवाक्यातलं नव्हतं. म्हणून कंपन्यांत ड्रॉइंगसाठी वापरलेली वर्कस्टेशनची जुनी कार्डं बघायचं ठरवलं. गेमवाली पोरं त्यांच्याकडं ढुंकून बघत नाहीत, त्यामुळं स्वस्त मिळतात, आणि टिकाऊ असतात.

एका रविवारी आम्ही तिघं माझा कॉम्प्युटरचा डबा घेऊन कान्ह्याला गेलो. तुषारनं चार कार्डं टेबलावर मांडली.

"हे के-४२०० घेऊ नका," तो म्हणाला. "अंगानं थोराड हाय, पन नव्या सॉफ्टवेरात त्याला कोन वळखत न्हाई. आन हे के-२२०० बी त्याच्याच भावकीतलं."

"नाही, हे भावकीतलं नाही," मी म्हटलं. मी आठवडाभर तेच वाचत होते. "नावात के आहे, पण आतली चिप पुढच्या पिढीची आहे. अजून चालतं."

"म्हंजे आडनाव जुनं, रगत नवं."

"तसंच."

"मग माझं लय दिसाचं चुकतच हुतं. मी भंगाराच्या भावात दिलं की ओ दोन!" तो मोठ्यानं हसला. आतून बबितानं विचारलं, "काय दिलं?" तर म्हणाला, "काय न्हाई, तू चहा ठिव."

संदेशला या सगळ्यात गंमत वाटत होती. "तुम्ही कार्ड बघताय की चाकणच्या बाजारात म्हैस?" तो म्हणाला. "खाते किती, देते किती, दात किती झिजलेत."

"म्हसच हाय की दादा," तुषार म्हणाला. "हे पी-२००० हाय ना, ही जर्शी. खायाला कमी, द्यायाला लय, तापत बी न्हाई. पन गोठा बारका. आन हे एम-४००० म्हंजे म्हस. खातं लय, तापतं लय, पन गोठा मोठा."

गोठा म्हणजे कार्डाची मेमरी. माझं सगळं तिथंच अडलं होतं. बंगल्यात काचा होत्या, पोहण्याचा तलाव होता आणि सरांना अंगणात झाडं हवी होती, पानापानाची. चार जीबीच्या के-२२०० वर झाडं आली की प्रोग्रॅमच पडायचा. पी-२००० ला पाच जीबी, एम-४००० ला आठ. वेगात पी-२००० थोडं पुढं, पण किंमत जवळपास दुप्पट. तेव्हा आमचं ठरलं की मी फाईल पाठवायची, तुषारनं तीच फाईल एकेका कार्डावर चालवायची आणि मला कळवायचं.

आम्ही बोलत होतो तेव्हा सनी टेबलाखाली बसून एका तुटक्या पंख्यावर फुंकर मारत होता. पंखा फिरला की रेवा टाळ्या पिटायची. बबिता म्हणाली, "ह्याला दुसरं खेळनंच नगं."

त्यानंतर सगळं मेसेजवर. तुषारचे मेसेज असे असायचे: "लावलं." "चाललं." "झाडं आल्यावर पडलं." "तापतंय पन चालतंय." काय लावलं, काय पडलं, हे कधीच नसायचं. पण मला सवय झाली. एकदा त्यानं लिहिलं, "सकाळधरनं दूध पीत न्हाई," तेव्हा मला बरोबर कळलं की हे सनीचं. मी त्याला लिहिलं की रेवाही दात येताना अशीच करायची. मग आमचं पोरांवरही बोलणं व्हायला लागलं. रेवाला दातांचा ताप आला होता तेव्हा मी काय काय केलं, ते मी त्याला लांबलचक लिहून पाठवलं होतं. अंगावर जाड काही घालायचं नाही, खिडकी उघडी ठेवायची, ओल्या फडक्यानं पुसायचं आणि घाबरायचं नाही. त्यानं लिहिलं, "बरं झालं सांगितलं. बबिता गोधडीत गुंडाळती."

मी स्वतः घाबरत नाही असं नाही. दिवसातून कितीदा रेवाच्या कपाळाला हात लावते, ते संदेश मला वेड्यात काढतो म्हणून सांगत नाही.

के-२२०० बाद झालं. पी-२००० वर बंगला बसला, पण झाडं निम्मी करावी लागली. राहिलं एम-४०००. ते आठ जीबीत सगळं घेत होतं, फक्त वर्षानुवर्षं कंपनीत चालून त्याच्या चिपवरची पेस्ट वाळली होती, त्यामुळं तापायचं. चिपची उष्णता वर खेचून घ्यायला ती पेस्ट लावलेली असते. तुषार म्हणाला, नवी लावतो आणि दिवसभर चालवून बघतो. त्याच मेसेजच्या शेवटी त्यानं लिहिलं होतं, "बारक्याला कनकन हाय." मी लिहिलं, "डॉक्टरांनी दिलेलं औषध असेल तर वजनाप्रमाणे दे. काळजी घे." आणि खाली लगेच, "पेस्ट लावलीस की सांग."

दुसऱ्या दिवशी सकाळी मी विचारलं, "लावलंस का? किती वेळ चाललं?" उत्तर आलं नाही. दुपारी रेवा झोपली होती, मी कपड्यांच्या घड्या घालत होते, तेव्हा मेसेज आला.

"लय तापलंय. उतरत न्हाई."

मी लिहिलं, "घाबरू नकोस. उघडं करून पंख्याखाली ठेव. थोडं थांब, उतरेल."

कॉम्प्युटरच्या डब्याचं बाजूचं झाकण काढ, असं मला म्हणायचं होतं.

"किती येळ?"

"अर्धा पाऊण तास. मधे मधे हात लावून बघ."

"बरं."

मी फोन ठेवला. जाता जाता रेवाच्या कपाळाला हात लावला. गार होतं. घड्या घालून झाल्या, मी भात लावला. पुन्हा फोन वाजला.

"झटके देतंय."

कार्ड फार तापलं की पडद्यावरचं चित्र अडकत अडकत पुढं सरकतं. त्याला आम्ही झटकेच म्हणायचो. जुन्या कार्डाचं हे होणार, असं मी धरूनच चालले होते. मी लिहिलं, "पहिल्यांदाच का?"

"व्हय."

"मग बंद करून परत चालू करून बघ."

मेसेज वाचल्याच्या दोन निळ्या खुणा आल्या. मला वाटलं, करत असेल.

संध्याकाळी काही आलं नाही. दुसऱ्या दिवशीही नाही. सरांचा फोन येऊन गेला, फिल्म कधी देतेस म्हणून. मी तुषारला लिहिलं, "काय झालं? हेच घ्यायचं की पी-२००० बघू?" तेही त्यानं वाचलं. मला राग यायला लागला. संदेशला म्हटलं, "गिऱ्हाईक मिळालं असेल दुसरं. सांगायचं तरी." संदेश म्हणाला, "जाऊन बघ ना, दोन स्टेशनं लांब आहे फक्त." होती त्याहून जास्त, पण मी रेवाला घेऊन निघाले.

कान्ह्याला दुकानाचं शटर गुडघ्याएवढं वर होतं. आत दिवा नव्हता. समोर चहाच्या टपरीवर मंगलमावशी होत्या. मागच्या खेपेला त्यांनी रेवाला बिस्कीट दिलं होतं, पण आज ओळखलं नाही.

"मावशी, तुषार नाही का?"

"कोन तुमी?"

"मी लोणावळ्याहून आले. त्याच्याकडं कार्ड सांगितलंय कॉम्प्युटरचं."

त्यांनी चहाचं गाळणं खाली ठेवलं. "बसा. पोरीला सावलीत घ्या आदी."

मी बसले नाही. त्या म्हणाल्या, "त्याचं बारकं गेलं, ताई."

मी विचारलं, "कुठं?"

मावशींनी स्टोव्ह बंद केला. मग मला कळलं, आणि आपण काय विचारलं तेही कळलं.

"ताप हुता लेकराला," त्या पुढं म्हणाल्या. "दुपारच्याला उघडं करून पंख्याखाली निजवलं हुतं. मंग झटके आलं. मोटारसायकलवर नेलं, बबितानं मधी धरलं हुतं. हितल्या दवाखान्यातनं पुढं मोठ्या दवाखान्यात धाडलं. डोक्यात गेलता म्हनं ताप. दिस उगवायच्या आदीच..."

"उघडं करून?" मी म्हटलं.

"व्हय. कुनी जानत्यानं सांगितलं हुतं म्हनं. उतरंल म्हनून."

रेवा माझ्या खांद्यावर हात आपटत होती, बिस्कीट मागत होती. मी फोन काढला. त्या दुपारचे मेसेज वर सरकवून आणले. प्रत्येक ओळ सनीचं नाव मनात धरून वाचली. लय तापलंय. उघडं करून पंख्याखाली ठेव. मधे मधे हात लावून बघ. झटके देतंय. पहिल्यांदाच का? एकही शब्द बदलावा लागला नाही. फक्त शेवटचा माझा मेसेज लेकराला लागू पडत नव्हता.

शटर वर गेलं. तुषार बाहेर आला. दाढी वाढलेली, अंगात तोच निळा शर्ट. माझ्याकडं बघून म्हणाला, "आलात व्हय ताई. तुमचं तयार हाय."

"तुषार, मला वाटलं तू कार्डाचं..."

"म्हाइत हाय."

"मला खरंच वाटलं..."

"व्हय ओ ताई. ते 'बंद करून परत चालू कर' आलं ना, तवा कळलं मला. तवर वाटत हुतं, ताईच्या घरी बी लेकरू हाय, ताई सांगत्यात तर उतरंल." त्याच्या आवाजात राग नव्हता. असता तर मला उभं राहायला काही धरायला मिळालं असतं. "डागदर म्हनलं, आदल्या दिशी आनायला पायजे हुतं. म्हंजे तुमचं काय न्हाई त्यात. तासाभरानं काय व्हनार हुतं?"

"असं म्हणाले का डॉक्टर? तासाभरानं काही झालं नसतं असं?"

"त्ये मी इचारलं न्हाई," तो म्हणाला. "त्ये मीच म्हनतोय."

तो वळून आत गेला, मी त्याच्यामागं टेबलापाशी गेले. मागच्या खोलीत बबिता भिंतीकडं तोंड करून बसलेली दिसत होती. तिनं मान वळवली नाही. तुषारनं फुग्यांच्या प्लॅस्टिकमध्ये गुंडाळलेलं एम-४००० माझ्यापुढं ठेवलं.

"कार्ड उतरलं बरं का ताई," तो म्हणाला. "नवी पेस्ट घातली, तुमी सांगितलं तसं उघडं ठिवून पंखा लावला. काल दिसभर चाललं. सगळी झाडं घेतली त्यानं. पडलं न्हाई."

"काल?"

"मंग काय करू हितं बसून?"

मी पैसे द्यायला लागले तर तो मोजत नव्हता, तसेच खिशात कोंबले. मग तो पुढं आला आणि रेवाच्या कपाळाला त्यानं हात लावला. खूप वेळ ठेवला. रेवा त्याच्याकडं बघत राहिली.

"गार हाय," तो म्हणाला.

कार्ड संदेशनं बसवलं. आमची तुलना बरोबर निघाली, त्या पैशांत त्याहून चांगलं काही मिळालं नसतं. बंगला अख्खा बसला, काचेत झाडांची पानं दिसायला लागली. सर खूष झाले, दुसरं कामही दिलं. मी सीन लावते, कार्डाचा पंखा आवाज करायला लागतो आणि मी उठून स्वयंपाकघरात जाऊन बसते. संदेशनं एकदा विचारलं, "विकून टाकूया का ते?" मी म्हटलं, "कुणाला विकणार?"

तुषारला मी फोन करत राहिले. वाजायचा, कुणी उचलायचं नाही. मंगलमावशींचा नंबर घेऊन ठेवला होता, त्यांच्याकडून कळायचं. सुतक फिटलं आणि बबिता माहेरी गेली. दुकानाचं शटर खालीच राहायला लागलं. तुषार वरच्या वाडीवर त्याच्या बापाच्या घरात एकटा राहतो. आईबाप दोघंही नाहीत, भाऊ कामासाठी दूर. मावशींना गुडघ्यामुळं वर चढवत नाही, पण गुरामागं कुणी जाणारं दिसलं की त्याच्याबरोबर भाकरी पाठवतात. कधी फडकं रिकामं परत येतं, कधी भाकरीसकट.

एका रविवारी संदेश आणि मी वाडीवर गेलो. दार आतून लावलेलं होतं. मी हाक मारली, "तुषार, मी माधवी." आत भांडं सरकल्याचा आवाज आला आणि थांबला. आम्ही ओट्यावर बसलो. ऊन सरलं तरी दार उघडलं नाही. जेवणाचा डबा उंबऱ्यावर ठेवून खाली उतरलो.

तीन-चार दिवसांनी बबिताचा फोन आला. तिच्याशी मी कधी धड बोललेही नव्हते.

"ताई, तुमी वाडीवर गेलतात म्हनं."

"हो गं. तो उघडत नव्हता."

"नका जाऊ. हात जोडते." ती रडत नव्हती, दमल्यासारखी बोलत होती. "तुमी वाईट न्हाई हो. पन तुमचा आवाज ऐकला की त्यो परत त्या दुपारीच जातो. मागं जाऊन आलात, तवाधरनं जेवला न्हाई म्हनं मावशी सांगत हुत्या."

"मग तू जा ना त्याच्याजवळ."

"मी कशी जाऊ? माझ्याकडं बघितलं की त्याला बारकं दिसतं." मग म्हणाली, "मला बी त्याच्याकडं बघितलं की तेच. दोघं एकमेकाला बघून मरायचं का?"

पलीकडून कुणीतरी तिला हाक मारली, तिनं "आले आले" म्हटलं आणि फोन ठेवला.

काल मावशींशी बोलले. पावसाची झड लागलीय, वाट निसरडी झाली, गुरं वर जात नाहीत. म्हणाल्या, "लय दिसांत खाली उतरला न्हाई. भाकरी धाडायला बी कोन गावना." मी म्हटलं, मी येते. तर म्हणाल्या, "तुमी नगा. दुसरं कुनी बगा."

म्हणून हे लिहितेय. मी गेले तर तो दार आणखी घट्ट लावून घेईल. तुम्हाला तो ओळखत नाही, तेवढ्यापुरतं तुम्ही बरे. कान्ह्याला उतरलात की स्टेशनाबाहेर टपरीवर मंगलमावशींना विचारा, त्या वाट दाखवतील. चढ फार नाही. वाडीवरचं सगळ्यात शेवटचं घर, पुढं आंब्याचं झाड. कार्डाचं काही बोलू नका. माझं नाव घेऊ नका. बिघडलेला एखादा रेडिओ, चार्जर, काहीही घेऊन जा, दुरुस्तीला आणलंय म्हणा. त्याला तुषार म्हणून हाक मारा आणि जेवलास का, एवढं विचारा. आतून आवाज आला नाही तरी परत फिरू नका. ओट्यावर बसून राहा, तो दार उघडेपर्यंत.